तीनाच्या जागी तीन

प्रोजेक्टचे दिवस आले की माझ्या टेबलापुढं पोरांची रांग लागते आणि दर तिसऱ्या पोराचा प्रश्न एकच असतो. मॅडम, बॅटरी कोणती घेऊ? बाकीचं सगळं सर्किट त्यांनी मोबाईलवर बघून उचललेलं असतं, त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. बॅटरीपाशी मात्र गाडी अडते. लहान पाहिजे, हलकी पाहिजे, चार्ज झाली पाहिजे, आणि फुकट मिळाली तर फारच उत्तम. मी त्यांना म्हणते, आधी मीटर लावून मोज, मग माझ्याशी बोल. मोजून आलो म्हणाला तरी मी पुन्हा माझ्यासमोर मोजायला लावते. बाहेर गेल्यावर पोरं मला खवट म्हणतात हे मला ठाऊक आहे. आहेच मी खवट. ह्या खवटपणाचं मूळ मी वर्गात कधी सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे घरातही नाही.

पांढरकवड्याला आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर. हंगाम सुरू झाला की जिनिंगचा घुमारा दिवसभर घरात भरून राहायचा. आम्हाला तो ऐकूच येत नसे, थांबला की ऐकू येई. मध्येच मशिनी बंद पडल्या तर अम्मी भाकरीचा हात थांबवून म्हणायची, "काय झालं बाप्पा?" चहाच्या सायीवर कापसाचे तंतू, वाळत घातलेल्या पापडांवर तंतू, माझ्या फिजिक्सच्या वहीत तंतू. थंडीत अम्मी मोठ्या गंजात मीठ घालून तुरीच्या शेंगा उकडायची आणि आम्ही अंगणात बसून त्या सोलून खायचो. टरफलांचा ढीग अब्बांच्या पुढ्यात सगळ्यात मोठा असायचा. आमची घरातली बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. अब्बा दिवसभर गाडीवाल्यांशी बोलत, तीच बोली चपलांबरोबर घरात यायची.

अब्बा त्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. फाटकातून कापसाची गाडी आली की गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस खालून ओढून काढायचा, बोटांत चोळायचा, एक सरकी दाताखाली धरायची, आणि सांगायचं. वाळलेला, मध्यम, की ओला. वाळलेला माल मोठ्या गंजीवर जाई, ओला बाजूला पसरत. ओला कापूस गंजीत गेला तर आतल्या आत तापतो, पिवळा पडतो आणि शेजारचाही नासवतो. थंडीत दवाचा माल यायचा, काही लोक वजनासाठी वरून पाणीही मारायचे. वरचा थर कोरडा ठक्क आणि आत पाणी. अब्बांच्या हातापुढं ही हुशारी चालत नसे. "गफूरभाईचा हात" हा शब्द बाजारात चलनासारखा फिरायचा आणि मला त्याचा भारी तोरा होता. शाळेत कोणी वडील काय करतात विचारलं तर मी नोकरीचं नाव सांगत नसे, म्हणे, त्यांच्या हाताला कापूस कळतो.

त्या वर्षी मी बारावीत होते. दिवाळीच्या थोडं आधी अब्बांनी एक नवाच खेळ काढला. बाहेरून आले की दोरीवरचा टॉवेल धरायचे आणि विचारायचे, "शम्मो, हा वाळला का ओला हाये?" मी सांगायची, ते हसायचे. मला वाटलं माझी परीक्षा घेतात. मग एकदा अम्मीनं चुलीवरून उतरवलेला चहाचा स्टीलचा ग्लास त्यांच्या हातात दिला. ग्लास इतका तापला होता की अम्मीनं तो पदरात धरून आणला होता. अब्बांनी तो मुठीत धरला आणि आरामात बोलत राहिले. अम्मी आत गेली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी ग्लास खाली ठेवला, तळहात बघितला. लाल झाला होता.

"कवापासून?" मी विचारलं.

"शुगरनं होते म्हणते डॉक्टर. बोटाच्या टोकाले काही समजतच नाही." मग हळू आवाजात, "अम्मीले सांगू नको. थे रडते आन् मंग गल्लीले समजते."

मला त्या क्षणी दया आली नाही, भीती वाटली. हाताला कळत नसेल तर फाटकावर हे उभे कशाच्या जोरावर आहेत? ते म्हणाले, अंदाजानं चालवून राह्यलो. गाडीवाल्याचं तोंड पाहतो, गाव पाहतो, दव किती पडलं ते पाहतो. दात शाबूत आहेत. पण एका गाडीत वेगवेगळ्या दहा जागी हात घालावा लागतो, दहा सरक्या कोण चावत बसतं, मागं गाड्यांची रांग असते. बोलताना त्यांनी मुठीत कापूस धरल्यासारखी बोटं चोळली.

माझे मामू, हनीफमामू, यांचं बसस्टँडजवळ रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेज सुटलं की मी तिथं. सोल्डरिंगचा वास मला अत्तरापेक्षा आवडायचा. अब्बांच्या मोठ्या भावाला, बडेअब्बांना, हे मुळीच खपत नव्हतं. बारावीनंतर मला यवतमाळला पॉलिटेक्निकला जायचं होतं, आणि घरातले असले निर्णय बडेअब्बांच्या हो-नाहीवर होत. ते म्हणायचे, पोरीची जात, दोन तारा जोडल्या म्हणजे इंजिनेर होते काय. हातात घेऊन दाखवण्यासारखं माझ्याजवळ अजून काही नव्हतं. म्हणून ओलावा मोजायची डबी बनवायची ठरवली तेव्हा माझ्या डोक्यात अब्बा होते आणि बडेअब्बाही होते. दोन्ही खरं आहे. फक्त वडलांसाठी केलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल.

डबी म्हणजे खरोखरच साबणाची डबी. तिच्यात भंगारातल्या टेपरेकॉर्डरचा काटा बसवला, एक ट्रान्झिस्टर, काटा दिसावा म्हणून बारीक लाल दिवा, आणि तीन पेन्सिल सेल. डबीतून निघालेली वायर अब्बांच्या जाकिटाच्या बाहीतून हातापर्यंत जायची. तिच्या टोकाला अम्मीच्या विणायच्या सुयांचे दोन तुकडे. कापूस जितका ओला, तितकी वीज जास्त जाते आणि काटा पुढं सरकतो, एवढंच त्यातलं शास्त्र. अब्बांनी हात गाडीत खुपसायचा आणि खिशात वाकून बघायचं. आता कुठल्याही जिनिंगमध्ये असली तयार यंत्रं उघड्यावर वापरतात, कोणाला काही वाटत नाही. तेव्हा ग्रेडरच्या हातात यंत्र दिसणं म्हणजे आचाऱ्यानं मीठ टाकायला शेजारणीला बोलावण्यासारखं होतं.

काट्याच्या काचेवर खुणा करायला मला चार दिवस लागले. मूठभर कापूस सोनाराच्या तराजूत तोलायचा, सुया टोचून काटा बघायचा, मग तोच कापूस पत्र्यावर उन्हात कडक वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. जितकं वजन उतरलं तितकं त्यात पाणी होतं. सोनार म्हणाला, "काहून वं, कापसाचे दागिने करतं का?" मैत्रिणींच्या नेलपॉलिश आणून मी काचेवर वाळलेल्याची हिरवी, मध्यमची पिवळी आणि ओल्याची लाल रेघ ओढली. अब्बांनी प्रत्येक मुठीतली सरकी चावून पाहिली. त्यांचा दात आणि माझा काटा एकच सांगत होते. त्या संध्याकाळी शेंगा सोलून त्यांनी दाणे माझ्या ताटात टाकले.

डबी चालली. पंधरा-वीस दिवस उत्तम चालली. अडचण एकच, अब्बा बटण बंद करायला विसरायचे. दिवा जळत राहायचा आणि दर दोन दिवसांनी सेल संपायचे. एकदा सेल फुगून त्यांतलं पाणी डबीत सांडलं आणि वायर हिरवी झाली. दुकानातून सारखे सेल आणायला लागले तेव्हा अम्मी विचारायला लागली, एवढे सेल कायले लागून राह्यले? मग मामूंना म्हटलं, चार्ज होणारं काहीतरी द्या, डबीत मावेल असं.

मामूंनी काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. पहिली इमर्जन्सी लाईटमधली चौकोनी शिशाची बॅटरी. ती मी जाकिटाच्या खिशात घालून पाहिली तर जाकीट एका बाजूनं गुडघ्याकडं निघालं. मामू म्हणाले, "गफूरभाई खिशात वीट घेऊन फिरते म्हणतीन लोक." दुसरी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या कॅमेऱ्याची, चपटी आणि देखणी, पण डबीचं झाकण लागेना. आणि तिचा चार्जर त्या शूटिंगवाल्याकडंच, म्हणजे लग्नसराईत तो मिळणं कठीण. तिसरी होती बिनवायरच्या टेलिफोनमधली. अंगठ्याएवढे तीन सेल पिवळ्या प्लॅस्टिकात एकत्र गुंडाळलेले, बाजूला दोन वायरी.

"हे घे," मामू म्हणाले. "तुह्या कामाची हाये. याची गंमत काय, हे शेवटपर्यंत सारखीच चालते. हळूहळू मरत नाही. संपली का एकदम संपते."

"म्हणजे काटा दिवसभर एकसारखा दाखवीन?"

"दिवसभर. फक्त लावल्यावर मीटरनं पाह्यजो. दुसऱ्या जातीची बॅटरी हाये."

मी हो म्हटलं. पुढच्या गिऱ्हाइकाचा रेडिओ आला आणि मामू त्यात शिरले. मी तिथंच बसून जुने तीन सेल काढले आणि हे तीन बसवले. तीनाच्या जागी तीन. डबीत इतकं नेमकं बसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बटण दाबलं, दिवा लागला. ओल्या रुमालात सुया टोचल्या, काटा हलला. मीटर समोर खिळ्याला टांगलेलं होतं. हात लांब केला असता तर हातात आलं असतं. मी केला नाही.

काय चुकलं ते आज पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. साधा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, हा चार्जवाला सव्वाच्याही आतला. तीन मिळून जवळजवळ एक व्होल्ट कमी. ताकद कमी म्हणजे काटा कमी सरकणार आणि ओला माल लालऐवजी हिरव्यात दिसणार. नेलपॉलिशच्या रेघा तर जुन्या सेलांच्या हिशेबानं ओढलेल्या. मी सेल मोजले, व्होल्ट मोजले नाहीत. आणि मामू म्हणाले ते खरंच होतं, ती बॅटरी दिवसभर एकसारखी चालली. दिवसभर एकसारखं चुकीचं दाखवत राहिली.

नवी बॅटरी बसवल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मशिनी बंद झाल्या. मी अंगणात अभ्यास करत होते. अम्मीनं मान वर केली. थोड्या वेळानं गल्लीतली एक बाई, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाणारी, सांगत आली की मोठ्या गंजीत हात घातला तर भाकरीच्या टोपल्यासारखं गरम लागून राह्यलं. वास येऊन राह्यला. गंजी फोडली तर आतून हळदीसारखा कापूस निघाला.

अब्बा दुपारीच घरी आले. जेवले नाहीत. मागोमाग बडेअब्बा आले, तेही चिडून, कारण बाजारात त्यांच्या कानावर वेगळीच गोष्ट आली होती. जिनिंगचा मुनीम सगळ्यांपुढं अब्बांना म्हणाला होता, "गफूरभाई, हात तं तुमचा चुकत नाही. मंग चुकवला कोणी? काय देल्लं त्यानं?" जिनिंगचे मालक शेठजी तिथंच उभे होते आणि त्यांनी मुनिमाला गप्प केलं नाही. बडेअब्बांनी अब्बांना सरळ विचारलं, "घेतलं का काही?" अब्बांनी नाही म्हणून मान हलवली. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि आता सख्ख्या भावानं विचारला.

मी जाकिटातून डबी काढली आणि मामूंच्या दुकानात पळत गेले. मीटर लावलं. काटा जिथं थांबला तिथं मी बघत बसले. मामूंनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि मीटर उचलून पुन्हा खिळ्याला टांगलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. अब्बा एकटेच अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्यापुढं डबी ठेवली आणि सगळं सांगितलं. सेल मोजले, मीटर लावलं नाही, मामू म्हणाले होते तरी लावलं नाही. माझं रडणं सुरू झालं होतं, पण शब्द सगळे नीट सांगितले. चूक माझी आहे, उद्या मी शेठजींना सांगते.

अब्बांनी डबी उचलून झाकण उघडलं. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं."

"काय?"

"नव्या बॅटरीच्या पहिल्याच दिवशी. केळापूरकडची गाडी होती. सरकी चावली तं चिपली दाताखाली. वाळलेली असती तं कट् वाजली असती. पुन्हा एक चावली. थे बी चिपली. मंग खिशात पाह्यलं, काटा हिरव्यात."

"मंग सोडली काहून गाडी?"

ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी फारच सोपं काहीतरी विचारलं होतं. "मशीन तू बनवली होती ना," ते म्हणाले.

मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या, पुष्कळ अपमान पचवले. ह्या वाक्याइतकं मला दुसरं काही लागलेलं नाही. त्यांनी तीस वर्षांचा दात माझ्या पंधरा दिवसांच्या डबीपुढं खोटा ठरवला होता, आणि तेही आनंदानं.

त्याच बैठकीत त्यांनी मला रेघा दुरुस्त करायला लावल्या. मी काचेवरची नेलपॉलिश खरवडली, नव्या बॅटरीवर पुन्हा वाळवलेला आणि ओला कापूस टोचून पाहिला आणि नव्या रेघा ओढल्या. ह्या वेळी तराजू नव्हता, ते शेजारी बसून सरक्या चावून सांगत होते. मला वाटलं, उद्या आम्ही दोघं जाऊन खरं सांगणार, म्हणून हे चाललंय.

सकाळी आम्ही तिघं गेलो, अब्बा, बडेअब्बा आणि मी. जिनिंगच्या ऑफिसच्या पायरीवर शेठजी उभे होते, मुनीम होता, गाडीवाले जमले होते. अब्बांनी सलाम केला आणि दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून.

"शेठ, बोटं गेली माही. शुगरनं. सहा महिने झाले. मी सांगतलं नाही, हे पहिली चूक. पैसा कोणाचा घेतला नाही, हे तुम्हाले बी मालूम हाये." मग खिशातून डबी काढली. "हे मशीन माह्या पोरीनं बनवली. ओलावा दाखवते. बरोबर दाखवत होती. मीच पाह्यलं नाही. गाड्या लय होत्या, घाई केली. काटा लालमधे होता आन् मी माल सोडला."

मी तोंड उघडलं. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे वटारले नाहीत, काही नाही. नुसतं पाहिलं, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बडेअब्बांकडं नजर टाकली. मला सगळं समजलं. शेठजींनी डबी हातात घेतली, समोरच्या गाडीत स्वतः सुया टोचल्या, दुसऱ्या गाडीत टोचल्या, सरकी चावून पाहिली. मग मला विचारलं, "काय वं पोरी, बरोबर दाखवते हे?"

त्या सकाळी ती बरोबरच दाखवत होती.

"हो," मी म्हणाले.

शेठजी बडेअब्बांकडं वळले आणि म्हणाले, ह्या पोरीला शिकवा, घरी नका बसवू. एवढ्या माणसांपुढं शेठजी बोलले म्हटल्यावर बडेअब्बांना नाही म्हणता आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी यवतमाळच्या एसटीत बसले, तेव्हा पेटी त्यांनीच उचलून दिली.

फाटकावर दुसरा ग्रेडर आला. अब्बांना शेठजींनी काढलं नाही, आतल्या बाजूला खुर्ची देऊन गाड्यांच्या पावत्या बघायला बसवलं. बाजारात पैशाची गोष्ट विरली आणि तिच्या जागी दुसरी बसली, ती अब्बा जाईपर्यंत टिकली. पोरीनं हातात मशीन दिली तरी गफूरभाईले पाहता आलं नाही. लग्नात, मयतीत, चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी ती हसत सांगायचं, आणि अब्बाही हसायचे. मी सुट्टीत आले की मला सांगायचे, "आज बी एकानं सांगतलं." मी म्हणायची, आता तरी मी खरं सांगते. ते म्हणायचे, तुह्या नोकरीचं होऊ दे. नोकरी झाली. मग म्हणाले, लगन होऊ दे. मग मीच विचारायचं सोडलं. सोय माझी होती.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती गोष्ट पांढरकवड्यात अजून सांगतात, मागच्या ईदला मी स्वतःच्या कानांनी ऐकली. सांगणारा त्या वेळी जन्मलाही नव्हता. मी मान खाली घालून शेवया खात बसले. घरी आल्यावर मात्र हे प्रकरण लिहायला घेतलं, आणि आता त्या सांगणाऱ्याला ते वाचायला पाठवणार आहे. गफूरभाई ग्रेडरनं काटा पाहिला होता. काटा हिरव्यात होता. माल ओला आहे हे त्यांना पहिल्या सरकीला कळलं होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं.